बाहुला घरी राहिला

आमच्या घरात एक बाहुला आहे. शाळेतल्या मुलाएवढा, कापडी, पोटात वाळू भरलेला, आणि माझ्यापेक्षा जास्त गावं फिरलेला. माझी बायको माधुरी फिजिओथेरपिस्ट. दिव्यांग आणि आजारी मुलांना शाळेत कसं सांभाळायचं, याचं प्रशिक्षण ती विशेष शिक्षकांना देते. मुलाला खुर्चीतून जमिनीवर कसं घ्यायचं, घास कसा भरवायचा, फिट आली तर काय करायचं, हे सगळं ती या बाहुल्यावर करून दाखवते. तिच्या मते तो आमच्या घरातला एकमेव पुरुष आहे, जो बसवलेल्या जागी बसतो आणि मध्ये बोलत नाही.

तिला पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी बोलावणं आलं तेव्हा मी म्हणालो, "मीही येतो." बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी कुठेही यायला तयार असतो. शिवाय आम्ही साताऱ्याचे. समुद्र आमच्याकडे सहलीला जाऊन बघतात आणि मासा पाहुण्यासारखा कधीतरी येतो. गाडी मी चालवणार, मासे मी खाणार आणि तिने काम करायचं, अशी मी वाटणी केली. माधुरीने माझ्यावर एकच जबाबदारी टाकली. बाहुला गाडीत ठेवायचा.

पालघर, मग बोईसर

पालघरला पोचून डिकी उघडली. आत दोन बॅगा होत्या, कंदी पेढे होते, समुद्रावर घालायची माझी टोपी होती. बाहुला नव्हता. तो कुठे असेल हे मला लगेच दिसलं. आमच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर, रस्त्याकडे तोंड करून. मीच त्याला तिथे टेकवला, दाराला लावायला कुलूप हातात घेतलं, तेवढ्यात पेढे आठवले म्हणून आत गेलो, आणि पेढे घेऊन निघालो.

माधुरी रागावली नाही. हे वाईट लक्षण असतं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पोटाशी जरा थांबली आणि म्हणाली, "वजन जास्त आहे, पण चालेल."

"काय चालेल?"

"बाहुला म्हणून."

मी हसलो. ती हसली नाही, तेव्हा मी थांबलो.

"एकच अट," ती म्हणाली. "बाहुला बोलत नाही. तुम्ही न बोलता येणारा मुलगा आहात. सत्र चालू असताना एक शब्द नाही."

ही बातमी मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, सहानुभूती मिळेल म्हणून. धाकट्या बहिणीने लिहिलं, "चित्रीकरण करून पाठवा." मुलाने लिहिलं, "आईला सांगा, हे कायमचं करता येतं का बघ."

मुक्काम बोईसरला होता. लॉजच्या खोलीत शिरल्यावर एक उग्र वास आला. मी आधी माझे मोजे दाराबाहेर ठेवले, मग बूट ठेवले, आणि पुढे काय ठेवायचं या विचारात असताना पाण्याची बाटली घेऊन आलेल्या माणसाने खिडकी बंद केली. "साहब, ये कारखानों की तरफ से आता है," तो म्हणाला. "दो दिन में आदत हो जाएगी. मैं गोरखपूर जाता हूं तो वहां की हवा फीकी लगती है." माझे मोजे मी सन्मानाने आत घेतले.

खाली जेवायला तांदळाची भाकरी मिळाली. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारी-बाजरी, हातावर थापलेली, कडक, तोंडाला काम देणारी. ही पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ, की खाताना भांडण करायला काही उरतच नाही. मी किती खाल्ल्या हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मला उचलणाऱ्यांना ते कळलंच.

बेटेगाव

प्रशिक्षण बोईसरजवळच्या बेटेगावात, एका शाळेच्या सभागृहात होतं. आलेले शिक्षक फिरतीचे. कुणी किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतल्या शाळा बघतं, कुणी डोंगरातल्या पाड्यांवरच्या. एकेकाच्या वाट्याला बऱ्याच शाळा, आणि प्रत्येक शाळेत एखाददुसरं मूल, जे उठू शकत नाही, किंवा बसू शकत नाही, किंवा ज्याला कधी काय होईल याची सगळ्यांना धास्ती.

त्यांतले दोघे पहिल्याच दिवशी आमचे झाले. भोये सर जव्हारकडचे. त्यांच्या एका शाळेत सिकलसेलचा, म्हणजे जन्मजात रक्तदोषाचा, एक मुलगा होता, त्याला उन्हात कवायतीला उभं केलं की त्याचे सांधे दुखायला लागायचे, आणि "कामचुकार" असं नाव पडायचं. आणि हर्षला. ती सातपाटीची, कोळ्यांच्या घरातली, स्कूटरवरून शाळा करणारी, तोंडाने फटकळ.

हर्षलाला एकाच मुलीचं पडलं होतं. मुरब्याच्या शाळेतली प्राची. हात-पाय आखडलेले, बोलणं सावकाश, डोकं तल्लख. मागच्या महिन्यात शाळेत पाणी पिताना तिला असा ठसका लागला, की ओठ निळे पडले. तेव्हापासून तिची आई वनिता रोज खिचडीच्या सुट्टीत येते आणि तिला घरी घेऊन जाते. दुपारची शाळा बुडते. आईचा मासळीबाजारही बुडतो.

"डॉक्टरांनी तपासलं. खायला-प्यायला हरकत नाय म्हणाले, सांभाळून द्या म्हणाले," हर्षला सांगत होती. "पण सांभाळून म्हणजे कसं, ते कोण सांगणार? आता मासळीचे दिवस आले. वनिताताय म्हणते, आता बाजार सोडून रोज यायला जमणार नाय, पोर घरीच राहू दे. परवा तुमाला घेऊन जाते म्हणून मी तिला थांबवलंय. परवा जर तिला पटलं नाय, तर पोरीची शाळा संपली, मॅडम."

माधुरी म्हणाली, "बघू." आणि मला खुर्चीत बसवलं.

माझा बाहुला म्हणून पहिला तास उचलण्याचा. दोघांनी मला खुर्चीतून सतरंजीवर घ्यायचं. एकाने मागून काखेखालून, दुसऱ्याने गुडघ्यांखालून. भोये सरांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या जोडीदाराकडे, मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. "आमच्याकडे भाताची पोती अशी उचलतात," ते म्हणाले. "पण पोत्याला गुदगुल्या होत नाय." मला होतात. मी हसलो, सैल पडलो, आणि तिघेही सतरंजीवर गेलो.

"बघा," माधुरी शांतपणे म्हणाली, "यांनी उचलण्याआधी काय केलं नाही?"

कुणालाच कळेना. मला कळत होतं, पण मला बोलायची बंदी.

"त्यांना सांगितलं नाही," ती म्हणाली. "आता उचलतोय, तयार राहा, असं मुलाला सांगायचं असतं. तो पोतं नाही."

मग फिट. मी खाली पडून हातपाय झाडायचे होते. माझ्या अंगात अभिनय आहे असं मला वाटतं, घरात कुणालाच वाटत नाही. मी जीव ओतला. तो इतका ओतला गेला, की मागच्या रांगेतल्या एका गुरुजींना खरंच वाटलं. ते धावत आले आणि त्यांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. त्या चपलेत बोईसरच्या रस्त्यांची सगळी माहिती होती. मी ताबडतोब बरा झालो.

"बघा मॅडम, गुण आला," गुरुजी म्हणाले.

सभागृह हसून हसून आडवं झालं. मग माधुरीने त्यांना हसू न देता समजावलं, की चप्पल नको, कांदा नको, दातांत चमचा तर नकोच. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, आणि लांबली तर दवाखाना. गुरुजींनी मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझी माफी मागितली आणि सोबत आणलेले चिकू दिले. चिकू फार गोड होते. चपलेचं मी विसरलो, असं मात्र म्हणणार नाही.

दुपारी मला एक वेगळीच गोष्ट कळली. मी गप्प झाल्यापासून माझ्याशी कुणी बोलेचना. "मॅडम, सरांना पंखा लागतोय का?" "मॅडम, सरांना खोबरं चालतं?" मी समोर बसलेला, आणि माझ्या डोक्यावरून माझीच चौकशी चाललेली. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं पुरी करत आलो. माझ्या आईची, बायकोची, बँकेत तर साहेबांचीही. आता माझं वाक्य सुरूच होत नव्हतं.

"मला का विचारता?" माधुरी म्हणाली. "त्यांना विचारा. हो असेल तर ते वर बघतील, नाही असेल तर डोळे मिटतील. आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो."

हर्षला माझ्यासमोर बसली. एका हातात चिकू, दुसऱ्यात खोबऱ्याची वडी. "काका, हे का हे?" मी चिकूकडे बघितलं. ती थांबली, खात्री करून घेतली, आणि चिकू भरवला. एवढ्याशा गोष्टीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं दाताखाली आलेल्या बीमुळे असेल.

अजून बेटेगावच

दुसऱ्या दिवशी खाणंपिणं. आणि इथेच ते घडलं.

माधुरीने सांगितलं, "याला पाणी पाजा. तुमच्या शाळेत पाजता तसंच. काही वेगळं करू नका." हर्षला उठली. माठातून ओगराळ्याने पाणी काढलं, स्टीलच्या पेल्यात ओतलं, एका हाताने माझी हनुवटी वर केली, आणि पेला तोंडाला न लावता वरून धार सोडली.

मला असा ठसका लागला, की दिलेलं वचन, बाहुलेपण आणि चष्मा, सगळं एकदम गेलं. "अगं बाई, मारतेस काय?" हे माझे त्या प्रशिक्षणातले पहिले शब्द.

सगळे हसले. हर्षला हसली नाही. पेला तिच्या हातात तसाच होता.

"मी प्राचीला असंच पाजलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी."

कुणीही तिला नावं ठेवू शकत नव्हतं, कारण तिथल्या प्रत्येकाने तसंच पाजलं असतं. मीसुद्धा. पेला उष्टा करायचा नाही, तोंड लावायचं नाही, वरून प्यायचं, हे आपल्याला अक्षरांच्या आधी शिकवतात. शाळेत एक माठ, दोन-चार पेले आणि सगळी मुलं वर तोंड करून पिणारी. ज्याला गिळता येतं त्याचं त्यात काही बिघडत नाही. ज्याचं गिळणं सावकाश आहे, त्याची मान मागे गेली की पाणी गिळण्याआधीच श्वासाच्या वाटेला लागतं.

"तू स्वच्छतेनं पाजलंस," माधुरी तिला म्हणाली. "आता मान सरळ ठेवून पाजायचं. हनुवटी जरा खाली. घोट लहान. गिळलं की दुसरा."

"पण मान मागे न्यायची नाय, तर पेल्यातलं शेवटचं पाणी येणार कसं? पेला नाकाला लागतो."

मग माधुरीने पिशवीतून प्लॅस्टिकचे पेले काढले. एका बाजूने कडेचा अर्धगोल तुकडा कापायचा आणि धार घासून गुळगुळीत करायची. कापलेली बाजू नाकाकडे. पेला कितीही कलता केला तरी नाक त्या खाचेत बसतं, मान मागे जात नाही. दुपारभर सगळे कात्र्या आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. भोये सरांनी इतका सुबक कापला, की मी त्यांना विचारलं, कुठे शिकलात. "बायकोचे ब्लाउज कापतो," ते म्हणाले. "ती शिवते."

हर्षला एकटीच गप्प बसून एकामागून एक पेले घासत होती. "एवढे कशाला?" मी विचारलं.

"एखादा बिघडला तर," ती म्हणाली. पण तिचं लक्ष पेल्यांवर नव्हतं, उद्याच्या मुरब्यावर होतं.

मुरबे

मुरब्याला शिरताना आधी वास येतो, मग गाव दिसतं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, जणू गावभर कुणी पांढरी तोरणं बांधलीत. खाडीपलीकडे सातपाटी. हर्षला बोट दाखवून म्हणाली, "ते आमचं घर," आणि मला तिथे नुसत्या नारळी दिसल्या.

शाळेत खिचडीची पंगत बसत होती. मुलं जमिनीवर रांगेत आणि प्राची भिंतीशी खुर्चीत, पाय लोंबकळते. वर्गातली इतर मुलं तिच्या गुडघ्यांशी बोलत होती. दारात वनिता उभी. ठसठशीत बाई, हातात रिकामं टोपलं, चेहऱ्यावर "बघते तुमचं काय ते."

माधुरीने आधी प्राचीला सांगितलं, मग हात लावला. पाठीला उशी. पायांखाली काही हवं होतं. वनिता न बोलता बाहेर गेली आणि मासळीचा प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन आली. पालथा घातला, पाय टेकले, आणि प्राची एकदम ताठ दिसायला लागली. पंगत उठून तिच्या खुर्चीभोवती गोल बसली, कारण आज तिथे गंमत होती.

मग हर्षलाने कापलेला पेला काढला, आणि वनिताचा चेहरा बदलला.

"ह्यो काय?"

"प्राचीचा पेला. खास तिच्यासाठी केलाय."

"खास?" वनिता म्हणाली. "सगळ्यांचे पेले एक आणि माझ्या पोरीचा वेगळा? तोही फुटका? पोर आजारी हाय, बाटलेली नाय. असा पेला लोक कुणाला देतात, मला ठाऊक हाय. चल गं प्राची, घरी."

हर्षलाचा फटकळपणा कुठे गेला कळेना. माधुरीने तिचा पेल्याचा हात हलकेच खाली केला. कारण बाई बोलत होती ते खरं होतं. आपल्याकडे वेगळा पेला म्हणजे काय, हे काही प्रशिक्षणात शिकवावं लागत नाही.

मला दोन दिवस न बोलण्याची सवय झाली होती. म्हणून मी बोललो नाही. पिशवीतला दुसरा कापलेला पेला घेतला, माठातलं पाणी भरलं, आणि सगळ्यांदेखत प्यायलो. म्हणजे प्यायला गेलो. पेला मी उलटा धरला होता. खाच ओठांकडे. पाणी खाचेतून सरळ माझ्या शर्टात, शर्टातून पँटमध्ये.

आधी प्राची हसली. तिचं हसणं बोलण्यासारखं सावकाश नव्हतं, एकदम फुटलं. मग पंगत हसली. "मलाही द्या," "मलाही द्या," असा गिल्ला झाला, आणि हर्षलाने घासून आणलेले सगळे पेले बाहेर काढले. "एखादा बिघडला तर" म्हणून केलेले पेले असे कामाला आले. निम्म्या मुलांनी पेले उलटे धरले आणि निम्मी पंगत भिजली. तोंडात पदर धरून वनिता हसत होती. "द्या मलाबी," ती शेवटी म्हणाली. तिने बरोबर धरला. प्यायली. मग तोच पेला भरून तिने हर्षलाकडे दिला. "पाज. मी बघते."

हर्षला प्राचीसमोर बसली, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. "पाणी देतेय गं." हनुवटी खाली. एक घोट. थांबली. प्राचीने गिळलं. तिच्याबरोबर सगळ्या पंगतीनेही गिळलं. दुसरा घोट. ठसका नाही. मग खिचडी, लहान चमच्याने, आणि पुन्हा पाणी. पेला रिकामा झाला, तरी मान सरळ.

माझ्या शर्टाची अवस्था बघून वनिताने प्राचीसकट आम्हा सगळ्यांना घरी नेलं. उन्हात शर्ट वाळत घातला, बोंबलांच्या शेजारी. त्याचा तो वास अजून जात नाही. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची झणझणीत चटणी समोर आली. दोन दिवसांची बोलण्याची थकबाकी माझ्यात साठली होती. मी भाकरीचा घास घेतला, वर आढ्याकडे बघत चपलेची गोष्ट सांगायला लागलो, आणि मला ठसका लागला. नाकात, कानात, डोळ्यांत बोंबील.

प्राची माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलायला लागले. मला कळत होतं ती काय म्हणणार, पण मी तिचं वाक्य पुरं केलं नाही. माझ्या वयाला हा पराक्रम आहे.

"काका... मान... खाली."

मी मान खाली घातली. ठसका थांबला.

वनिताने हातातली भाकरी खाली ठेवली. मग प्राचीलाच विचारलं, "राहशील का गं दुपारची? मी नसले तरी?"

आम्ही चौघं मोठी माणसं, त्यांतली तीन बडबडी. कुणी तोंड उघडलं नाही. बाहेर कुणीतरी बोंबील काढत होतं, त्याचा खसखस आवाज येत होता.

"तू..." प्राची म्हणाली. "बाजारात... जा."

वनिता उठली. कोपऱ्यातलं टोपलं उचलून तिने आपटून झटकलं, जसं काही त्यात धूळ साचली होती. "उद्यापासून दुपारी मी येणार नाय," ती हर्षलाला म्हणाली. "तू हायेस ना? का तुला पण उलटा पेला धरता येतो?"

सातारा

घरी आलो तेव्हा बाहुला चपलांच्या कपाटावर तसाच होता, रस्त्याकडे तोंड करून. माधुरीने त्याला आत नेला आणि म्हणाली, पुढच्या वेळी त्याला विश्रांती द्यावी म्हणते. हे कौतुक आहे की शिक्षा, ते मी विचारलं नाही.

पंधरवड्याने हर्षलाचा निरोप आला, आवाजाचा. बहीण, मुलगा, सून, सगळे जेवायला बसलेले होते, मी सगळ्यांदेखत लावला. आधी हर्षला, घाईघाईने. प्राची रोज शाळा सुटेपर्यंत थांबते. पंगतीतली सगळी मुलं आता कापलेल्याच पेल्यांनी पितात, साधा पेला कुणी घेत नाही. वनिताताय बाजारातून येताना कधी डोकावते, ती पोरीला न्यायला नाही, हर्षलावर नजर ठेवायला. मग म्हणाली, "थांबा हां, प्राचीला बोलायचंय."

आणि शांतता. लांबलचक. आमच्या घरात एवढी शांतता कुणाचं वाक्य संपायच्या आत कधी झालेली नाही. बहीण काहीतरी म्हणणार होती, मी बोट ओठांवर ठेवलं. मुलाने घास हातात धरून ठेवला. सगळे त्या फोनकडे बघत बसले, माना खाली घालून.

"काका... चपलेची... गोष्ट... राहिली."